पऱ्हाटीत सापडलेला शॅमेलिऑन घरी आणलाय? आधी हे वाचा

जैनथ : कापसाची वेचणी सुरू झाली की एखादं तरी पोट्टं वावरातून शॅमेलिऑन घेऊन घरी येतं. कधी तो पऱ्हाटीवर सापडतो, कधी धुऱ्यावरच्या बोरीवर, कधी रस्त्यावर डुलत डुलत चाललेला असतो. हिरवागार रंग, गरागरा फिरणारे डोळे, शेपटीची गुंडाळी. मोबाईलवर लोक असले प्राणी पाळतात ते पोरांनी बघितलेलं असतंच, मग "याला घरीच ठेवू" म्हणून हट्ट सुरू होतो. गेल्या हंगामात आमच्याच घरी हे झालं. भाच्यानं बुटाच्या डब्यात घालून आणला आणि विचारलं, "मामा, याला खायला काय द्यायचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे कळलं ते इथं देतोय, कारण हाच प्रश्न जैनथ मंडलातल्या बऱ्याच घरांत येतो. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आपल्या वावरातला शॅमेलिऑन पाळता येत नाही. कायदा परवानगी देत नाही, आणि डब्यात, पिंजऱ्यात ठेवला तर तो बहुतेक जगतही नाही. परदेशी जातीचा, कागदपत्रं असलेला शॅमेलिऑन कोणाकडं असेल तर त्याची गोष्ट वेगळी. त्याची व्यवस्था कशी लावायची तेही खाली दिलंय.

सरडा कोणता, ते आधी ओळखा

आपल्याकडं सगळ्यांनाच 'सरडा' म्हणतात. तेलुगूत ऊसरवेल्ली, हिंदीत गिरगिट, आणि मराठी पेपरात कधी कधी 'घोयरा' असं नाव वाचायला मिळतं. पण कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, गळा लाल होणारा जो सरडा रोज दिसतो, तो शॅमेलिऑन नाही. तो बागेतला साधा सरडा. तो रक्त पितो असं समजून पोरं त्याला दगड मारतात. तो रक्त पीत नाही, विणीच्या दिवसांत नराचा गळा लाल होतो, एवढंच.

शॅमेलिऑनची ओळख पायांवरून पटते. त्याची बोटं दोन गटांत जुळलेली असतात, चिमट्यासारखी, फांदी धरायला. दोन डोळे वेगवेगळ्या दिशेला फिरतात. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा. जीभ अंगाएवढी किंवा त्याहून लांब. शेपटीसकट तो फूट-सव्वा फुटापर्यंत वाढतो. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. भारतात मात्र एकच जात आहे, भारतीय शॅमेलिऑन. तीच श्रीलंका आणि पाकिस्तानातही सापडते.

तो विषारी नाही. पकडलं तर फुगतो, फुसफुसतो, तोंड उघडून घाबरवतो, फारच छळलं तर चावतो. त्या चाव्यानं माणसाला काही होत नाही, जखम साबणानं धुवावी. आणि जिथं बसतो तिथला रंग घेतो, हा समजही अर्धाच खरा. रंग बदलतो तो ऊन, थंडी, भीती, राग आणि जोडीदार यांच्यामुळं. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीत दाखवून दिलं की कातडीतल्या पेशींमध्ये बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचा उपयोग आहे. डब्यातला शॅमेलिऑन काळपट पडला तर तो रंगाचा खेळ दाखवत नसतो, बहुतेक वेळा तो घाबरलेला, गारठलेला किंवा आजारी असतो.

कायदा काय सांगतो

भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, मारणं, सगळंच गुन्हा. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साध्या गुन्ह्याचा दंडसुद्धा तिच्यात २५ हजारांवरून १ लाखापर्यंत नेला, शिवाय कैद आहेच. "माझ्याच वावरात सापडला" हे कारण चालत नाही. असा प्राणी सरकारची मालमत्ता समजला जातो, मग जमीन कोणाचीही असो. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

इथं कोणी म्हणेल, गावात घरोघरी पोपट पिंजऱ्यात आहेत, त्यांना कोण विचारतंय. खरं आहे. पण आपला हिरवा पोपट पाळणंही गुन्हाच आहे. कोणी विचारलं नाही म्हणून तो कायदेशीर होत नाही.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. आपण पैनगंगेच्या काठचे लोक. सोयरीक, बाजार, दवाखाना, सगळं दोन्हीकडं. पुलावरून पाटणबोरी, पांढरकवड्याला जाणं म्हणजे आपल्याला शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं. पण वन्यप्राणी घेऊन नदी ओलांडली की तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेला असा अर्थ होतो, आणि परवानगीशिवाय केलेली वाहतूक हा वेगळा गुन्हा आहे. म्हणून "पलीकडं पाहुण्याला दाखवायला नेतो" किंवा "टिपेश्वरच्या जंगलात सोडून येतो" असलं काही करू नका. तेलंगणात सापडला तर तेलंगणाच्याच वनखात्याला कळवा.

सापडला तर करायचं काय

बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. झाडावर असेल तर राहू द्या. तो नाकतोडे, माश्या, पतंग, अळ्या खातो, पिकाचं पान खात नाही. त्यामुळं शेतकऱ्याचं नुकसान शून्य. फायदा किती, हे फुगवून सांगत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, ती काही याच्या जिभेला लागत नाही.

रस्त्यावर असेल तर लांब काडी त्याच्या पुढं धरा. तो आपोआप चढतो. ज्या दिशेला चालला होता त्या बाजूच्या झुडपावर काडी टेकवा, काम झालं. शेपटी धरून उचलू नका आणि फांदीवरून ओढून काढू नका. तो इतकी घट्ट पकड घेतो की ओढताना बोटं, नखं निघतात.

पावसाळा संपता संपता हे प्राणी जमिनीवर जास्त दिसतात. त्याचं कारण अंडी. एरवी झाडावर राहणारी मादी अंडी घालायला खाली उतरते, मऊ जमिनीत बीळ खोदते, एका वेळी वीस-तीसपर्यंत अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. नेमकी तीच वेळ वेचणीची, गाड्यांची, बंड्यांची. पोट फुगलेली, माती उकरणारी मादी दिसली तर तिला हात लावू नका, कुत्र्याला तेवढं आवरा. नांगरताना पांढरी अंडी उघडी पडली तर ती फिरवू नका, उलटी करू नका. सापांची असोत की सरड्यांची, अंड्यांची वरची बाजू बदलली तर आतला जीव मरू शकतो. आहेत तशीच ठेवून भुसभुशीत माती पसरा आणि तेवढा कोपरा सोडून द्या.

पोरानं आणलाच असेल, किंवा कुत्र्यानं धरलेला, जखमी असेल, तर वनखात्याचा माणूस येईपर्यंत एवढं करा. खोक्याला पेन्सिलीनं भोकं पाडा, आत एक आडवी फांदी अडकवा, पालाच्या दोन डहाळ्या ठेवा. खोकं सावलीत, शांत खोलीत. डहाळ्यांवर स्वच्छ पाणी शिंपडा, वाटाल तर दोनदा. खायला काही देऊ नका. तोंड उघडून पाणी पाजायचा प्रयत्न तर अजिबात नको, पाणी श्वासनळीत जातं. फोटोसाठी बाहेर काढू नका. मंडलातल्या बीट ऑफिसरचा नंबर ग्रामपंचायतीत मिळतो. रात्र असेल, नंबर लागत नसेल तर ११२ वर कळवलं तरी नोंद होते. कळवलेली वेळ लिहून ठेवा.

तो घरात का जगत नाही

आमच्या घरात पहिल्या संध्याकाळी जे झालं ते बहुतेक घरांत होत असणार. आईनं वाटीत पाणी ठेवलं, त्यानं बघितलंसुद्धा नाही. कोणी भाताची शितं टाकली, कोणी मेलेली माशी. काही नाही. आम्हाला वाटलं रुसलाय.

खरं कारण असं की साचलेलं पाणी त्याला पाणी म्हणून कळतच नाही. पानावरचं दव, पावसाचे थेंब तो चाटतो. समोर भरलेली वाटी असून तहानेनं मरतो. तसंच, न हलणारी गोष्ट त्याच्या लेखी अन्न नसते. त्यात माणसांची वर्दळ, पोरांचे हात, मांजर. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे, त्याला लळा लागत नाही. हातावर शांत बसला की लोकांना वाटतं माणसाळला. तो भीतीनं थिजलेला असतो. आणि हा प्राणी दुखणं लपवतो. जंगलात कमजोर दिसला तो आधी मारला जातो, म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्यासारखा दिसतो. पंधरा-वीस दिवस बरा दिसला आणि एका सकाळी मेला, अशी गोष्ट म्हणूनच ऐकायला मिळते.

परदेशी शॅमेलिऑन असेल तर

शहरात राहणारी आपली काही मुलं आता येमेनचा शॅमेलिऑन पाळतात. डोक्यावर उंच तुरा असलेला, येमेन आणि सौदी अरेबियातला हा प्राणी पिंजऱ्यात पैदास होणारा आहे, म्हणून पाळणाऱ्यांत तोच जास्त. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑनही असतो. दोन्ही 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं नियम काढले, त्याप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्यानं 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंद करायची आहे. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. चेन्नई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत असे प्राणी वारंवार पकडले जातात, त्यातलाच एखादा तुमच्या गळ्यात पडायचा.

कागद असेल तर मग व्यवस्था. ती प्राणी आणण्याच्या आधी तयार पाहिजे, नंतर नाही.

पिंजरा उंच हवा. एका मोठ्या प्राण्याला किमान दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. काचेची मासळीची पेटी चालत नाही, हवा खेळत नाही. आदिलाबादला फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमची चौकट आणि बारीक जाळी लावून असा पिंजरा करून घेता येतो. कोंबड्यांची तारेची जाळी नको, तिच्यात नखं अडकतात, तुटतात. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा. आपण वरून वाकून बघितलं की त्याला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं. एका पिंजऱ्यात एकच, नर-मादीसुद्धा एकत्र नकोत. आरसा समोर नको, दुसरा नर समजून दिवसभर तणावात राहतो.

आत वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या फांद्या आणि खरी झाडं लावा. मनीप्लांट, जास्वंद चालतं. येमेनचा शॅमेलिऑन पानंही खातो, म्हणून कण्हेर आणि रुई कधीही नको. दोन्ही विषारी.

आता उजेड. सगळ्यात जास्त चूक इथं होते. हाडांसाठी कॅल्शियम लागतं, कॅल्शियम अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व, आणि ते तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण. हे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. घरातल्या एलईडीतून मिळत नाहीत. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची खास यूव्हीबी ट्यूब मिळते, ती पिंजऱ्याच्या वर लावायची आणि वर्षाच्या आत बदलायची, कारण उजेड दिसत राहिला तरी किरण कमी होत जातात. आपल्याकडं ऊन फुकट आहे, सकाळी आठच्या सुमारास पिंजरा अर्धा तास अंगणात ठेवला तर उत्तमच. पण अर्ध्या पिंजऱ्यावर सावली पाहिजे आणि माणूस तिथंच पाहिजे.

उष्णता हा आपल्या जिल्ह्यातला खरा अडचणीचा भाग. त्याला शेकायला वरच्या एका फांदीवर ३० ते ३३ अंश लागतात, खाली २५ च्या आसपास, रात्री त्याहून थंड. त्यासाठी दिवसा साधा बल्ब पुरतो. रात्री लाल-निळे दिवे लावू नका, अंधारच हवा. पण मे महिन्यात आदिलाबाद ४४-४५ वर जातं, आणि लाईट गेली की पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. पिकल्या पानासारखा फिकट पडून, तोंड उघडं ठेवून बसलाय म्हणजे तो तापलाय. लगेच सावलीत, गार खोलीत न्या, पानांवर पाणी मारा. बर्फाचं पाणी नको. कूलरची खोली चालते, कूलरचा थेट झोत नको. उलट डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा पिंजरा ओसरीवर राहू देऊ नका. वर्षभर हे सांभाळायची तयारी नसेल तर तिथंच थांबलेलं बरं.

पाणी सकाळी आणि संध्याकाळी, दोन-तीन मिनिटं बारीक फवारा पानांवर. यासाठी नवीनच बाटली घ्या. शेतातला फवारणीचा पंप किती धुतला तरी तो वापरू नका. ही गोष्ट इथं मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडं पहिला हात त्याच पंपाकडं जातो. सलाईनची नवी नळी आणि स्वच्छ बाटली वर टांगून थेंब थेंब पाणी पानावर पाडलं तर तो निवांत पितो.

खायला जिवंत किडे. लहान पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड चार-पाच. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिडे घरी पोसता येतात, बादलीत अंड्यांचे कागदी ट्रे, गव्हाचा कोंडा, गाजर, पाला टाकून. किड्यांना चांगलं खाऊ घालूनच ते द्यायचे आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. डी-३ आणि जीवनसत्त्वाची पूड महिन्यातून दोनदाच, जास्त झालं तरी अपाय होतो.

वावरातले नाकतोडे पकडून देऊ नका. कापसावर हंगामभर कीटकनाशकं पडतात, तो किडा जिवंत दिसला तरी त्याच्या अंगात औषध असू शकतं. घरातली झुरळंही त्याच कारणानं नकोत. काजवे तर कधीच नाही, ते विषारी ठरतात.

मादी असेल तर आणखी एक काम. येमेनची मादी नर नसतानाही अंडी घालते. पाच-सहा महिन्यांची झाली की पिंजऱ्यात एक फूट खोल ओलसर वाळूचा डबा पाहिजे. खोदायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि ती मरते.

आजाराची लक्षणं थोडक्यात. डोळे खोल गेले, विष्ठेबरोबरचा पांढरा भाग केशरी झाला तर पाणी कमी पडतंय. पाय वाकडे, फांदी नीट धरता येत नाही, जबडा मऊ, तर हाडांचा आजार. तोंडात चिकट लाळ, श्वासाला आवाज, तर छातीचा संसर्ग. आणि दिवसा डोळे मिटून बसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय, बैल, शेळी यांचं काम उत्तम होतं, पण सरड्याचे डॉक्टर बहुतेक हैदराबाद-नागपूरसारख्या शहरातच. तो प्रवास आजारी प्राण्याला झेपेल का, हा विचार आणण्याआधी करायचा.

मी कॉमर्सचा माणूस, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. प्राण्याची किंमत ही या सगळ्यातली सगळ्यात लहान रक्कम निघते. पिंजरा, ट्यूब, बल्ब, टायमर, पुड्या, रातकिडे, वीज, आणि एकदा जरी शहरातल्या डॉक्टरकडं जावं लागलं तर तो खर्च. हे पाच-सात वर्षं, आणि लग्नकार्याला गावाला गेलात तर मागं फवारा मारायला कोणीतरी पाहिजे.

आमच्या भाच्याच्या शॅमेलिऑनचं सांगायचं राहिलं. रात्री फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी बीट ऑफिसर आले. रागावले नाहीत. कुठं सापडला ते भाच्याला विचारलं, खोकं घेऊन आम्ही तिघं वावरात गेलो आणि धुऱ्यावरच्या त्याच बोरीवर त्याला सोडला. पहिल्या फांदीवर तो बराच वेळ काळपट होऊन बसला, मग एक एक पाय टाकत आत सरकला आणि पानांत दिसेनासा झाला. भाचा अजूनही वेचणीला गेला की आधी त्या बोरीकडं जाऊन येतो.